फोन न्यूयॉर्कमध्ये, डेटा मुंबईमार्गे

विमानाची चाके धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच प्रवाशांचे हात खिशाकडे जातात. फ्लाइट मोड बंद होतो, पाच-दहा सेकंद फोन नुसता चाचपडत राहतो, मग पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचे नाव उमटते. घड्याळ आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागते आणि पाठोपाठ स्वागताचा संदेश येतो. बहुतेक जण तो न वाचताच बाजूला सारतात. दर नेमके त्यातच लिहिलेले असतात.

त्या पाच-दहा सेकंदांत काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. परदेशात फोनमुळे होणारे बहुतेक मनस्ताप, म्हणजे न आलेला ओटीपी, रांगत चालणारे इंटरनेट आणि घरी परतल्यावर हाती पडलेले बिल, यांचे मूळ तिथेच आहे.

आपल्या सिम कार्डात एक १५ अंकी ओळख क्रमांक असतो. हा आपला मोबाइल नंबर नव्हे. तो आपल्याला कधी दिसतही नाही. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. न्यूयॉर्कमधल्या टॉवरशी फोनने संपर्क साधला की तिथल्या कंपनीला लगेच कळते, हा आपला ग्राहक नाही, भारतातल्या अमुक कंपनीचा पाहुणा आहे. मग ती भारतातल्या कंपनीकडे चौकशी करते: हा खरोखर तुमचाच का? याला आत घेऊ का?

ही ओळख पटवण्याची पद्धत मोठी मजेशीर आहे. सिम कार्डात एक गुप्त किल्ली साठवलेली असते. तिची दुसरी प्रत फक्त आपल्या कंपनीकडे असते. किल्ली कधीच कुणाला पाठवली जात नाही. त्याऐवजी भारतातून एक कोडे आणि त्याचे उत्तर न्यूयॉर्कला जाते. तिथली कंपनी फोनला फक्त कोडे घालते. सिम आपल्याजवळची किल्ली वापरून ते सोडवते आणि उत्तर परत देते. दोन्ही उत्तरे जुळली की प्रवेश मिळतो. कोडे घालणाऱ्या कंपनीला किल्ली शेवटपर्यंत कळत नाही. त्याच वेळी भारतातल्या कंपनीच्या दफ्तरी नोंद होते की, हा ग्राहक सध्या अमुक कंपनीच्या जाळ्यात आहे. पुण्याहून कुणी फोन लावला तर तो कुठे धाडायचा, हे या नोंदीवरून ठरते.

इथपर्यंत सगळे ठीक. खरी गंमत इंटरनेट सुरू केल्यावर आहे. आपण न्यूयॉर्कमध्ये आहोत, टॉवर न्यूयॉर्कचा आहे, तेव्हा डेटाही तिथूनच इंटरनेटवर जात असेल, असे कुणालाही वाटेल. सर्वसाधारणपणे तसे होत नाही. रोमिंगमधला डेटा तिथल्या कंपनीच्या जाळ्यातून एका बंदिस्त बोगद्यासारख्या मार्गाने थेट भारतातल्या आपल्या कंपनीच्या दाराशी आणला जातो आणि तिथून पुढे इंटरनेटवर सोडला जातो. उत्तरही त्याच वाटेने परत जाते. इंटरनेटच्या दृष्टीने आपण न्यूयॉर्कमध्ये नसतोच. भारतात घरी बसलेले असतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा चीनमध्ये मिळतो. तिथे गूगल, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे सेवा सरकारने अडवलेल्या आहेत. हॉटेलच्या वायफायवर त्या उघडत नाहीत. पण बाहेरच्या देशाचे सिम रोमिंगवर वापरणाऱ्याला त्याच सेवा सहसा वापरता येतात. टॉवर चीनचा असला तरी इंटरनेटचे दार त्याच्या मायदेशात उघडते. आपल्याकडच्या एखाद्या ओटीटीवरची मालिका परदेशातल्या वायफायवर दिसत नाही आणि रोमिंगवर दिसते, त्याचेही कारण हेच.

या वळशाची किंमत वेळेत मोजावी लागते. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. समजा, आपण न्यूयॉर्कमध्ये उभे आहोत, हवे असलेले संकेतस्थळ शेजारच्या राज्यातल्या सर्व्हरवर आहे आणि आपल्या कंपनीचे इंटरनेटचे दार मुंबईत आहे. मागणी मुंबईला जाणार, मुंबईहून पुन्हा अमेरिकेत येणार, उत्तर पुन्हा मुंबईला आणि तिथून आपल्या फोनवर. चार खेपा, म्हणजे ५० हजार किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे! केवळ या धावपळीत पाव सेकंद जातो. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. आणि एक पान उघडायला अशा अनेक येरझारा लागतात. टॉवरच्या चारही रेघा दिसत असताना पान का उघडत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा या हिशेबात असते. फोन बंद करून पुन्हा चालू केल्याने मुंबई जवळ येत नाही.

मग रोमिंग महाग असते तेही या लांबच्या वळशामुळेच का? नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि कंपन्यांना तो सोयीचाही आहे.

दोन देशांतल्या कंपन्यांमधला पहिला रोमिंग करार १९९२ मध्ये ब्रिटनची व्होडाफोन आणि फिनलंडची टेलिकॉम फिनलंड यांच्यात झाला. तेव्हापासून पद्धत तीच आहे: पाहुण्याने किती वापर केला, याची नोंद यजमान कंपनी ठेवते आणि घरच्या कंपनीकडून आपसात ठरलेल्या घाऊक दराने पैसे वसूल करते. घरची कंपनी त्यावर आपला नफा चढवून ग्राहकाला बिल लावते. यात गोम अशी की, प्रवाशाला घासाघीस करायला जागाच नसते. भाजी महाग वाटली तर शेजारच्या गाळ्यावर जाता येते. विमानतळावर रात्री दोन वाजता टॅक्सी शोधणारा माणूस कुठे जाणार?

युरोपीय संघाने या दरांना हात घातला आणि त्यातून जे उघड झाले ते डोळे उघडणारे आहे. २००९ मध्ये संघाने कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या घाऊक डेटा दरावर पहिल्यांदा कमाल मर्यादा घातली: एका एमबीला १ युरो. ही मर्यादा होती, म्हणजे त्याआधी याहूनही जास्त आकारणी होत होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. १५ जून २०१७ पासून संघातल्या ग्राहकांसाठी रोमिंगचा वेगळा आकारच रद्द झाला. त्या वर्षी घाऊक मर्यादा एका जीबीला ७.७० युरो होती. २०२२ मध्ये ती २ युरोंवर आली आणि २०२७ साठी ठरवलेली मर्यादा आहे एका जीबीला १ युरो. एक एमबीला १ युरो ते एक जीबीला १ युरो, म्हणजे १८ वर्षांत हजारपट घट. तंत्रज्ञान या काळात स्वस्त झाले हे खरे, पण अंतरे काही आकसली नाहीत. पॅरिस आणि माद्रिद होते तिथेच आहेत. दर उतरले ते मुख्यतः कुणीतरी नियम केला म्हणून.

हा नियम युरोपातल्या ग्राहकांसाठी आहे, हे मात्र विसरू नये. भारतातले सिम घेऊन पॅरिसला गेलेल्या प्रवाशाला त्याचे संरक्षण नाही. त्याला आपल्या कंपनीचा दर लागू. तिथले स्थानिक सिम विकत घेतले तरी एक खाच उरते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि रोमिंगचा हा नियम तिथे लागू नाही. आपल्याकडच्या बहुतेक ‘युरोप टूर’ इंटरलाकेन नि लुसर्नशिवाय पुऱ्या होत नाहीत. जर्मनीत घेतलेले सिम आल्प्सच्या पायथ्याशी वेगळाच दर लावू शकते. ब्रिटनचेही तेच: संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली. ‘युरोप’ हे नाव पाहून पॅक घेऊ नये, देशांची यादी वाचावी.

वापराबद्दलही एक गैरसमज असतो. ‘मी तर फक्त दोन-चार मेसेज पाठवले,’ असे बिल पाहिलेला माणूस म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. मजकुराचे संदेश खरोखरच नगण्य डेटा घेतात. डेटा संपतो तो फोनच्या स्वतःच्या उद्योगांत. दिवसभर काढलेले फोटो रात्री आपोआप क्लाउडवर चढतात, अ‍ॅप अद्ययावत होतात, कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ कुणी न पाहताच उतरवला जातो. उत्तम दर्जाचा व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतो. घरी स्वस्त डेटामुळे आपल्याला ही सवय जाणवत नाही. निघण्यापूर्वी फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट ‘फक्त वायफायवर’ करून ठेवले आणि व्हॉट्सअ‍ॅपमधले आपोआप डाउनलोड बंद केले की निम्मी लढाई जिंकली. पॅकचा ‘एक दिवस’ २४ तासांचा की मध्यरात्रीपर्यंतचा, आणि तो कोणत्या देशाच्या मध्यरात्रीपर्यंतचा, हेही विचारून घ्यावे. रात्री ११ ला उतरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो.

नकाशासाठी मात्र डेटा लागतोच असे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत सोडत असतात आणि फोन ते नुसते ऐकतो, रेडिओसारखे. त्याला पैसे पडत नाहीत. डेटा खर्च होतो तो रस्त्यांचे चित्र उतरवण्यात. ज्या शहरात जायचे तिथला नकाशा घरीच वायफायवर उतरवून ठेवला, तर निळा ठिपका डेटा बंद असतानाही वाट दाखवतो.

रेडिओलहरींना सीमा कळत नाही, यातून आणखी एक घोळ होतो. अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले आईवडील नायगारा पाहायला जातातच. धबधब्याच्या अमेरिकी काठावर उभे असताना फोन अनेकदा पलीकडच्या कॅनडाचा टॉवर पकडतो, कारण त्याला तो अधिक ठळक ऐकू येतो. पॅक फक्त अमेरिकेचे असेल, तर पाऊलही न टाकता आपण देश बदललेला असतो. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडावे, किंवा तेवढा तास डेटा रोमिंग बंद ठेवावे. जहाजावर तर जास्तच सावध राहावे. किनारा मागे पडून टॉवर आवाक्याबाहेर गेले की क्रूझ जहाजावरचा छोटा टॉवर पुढे सरसावतो. तो उपग्रहामार्फत जोडलेला असतो, कोणत्याही देशाचा नसतो, आणि देशांसाठी घेतलेली नेहमीची पॅक सहसा त्याला लागू होत नाहीत. जहाजाने बंदर सोडले की फ्लाइट मोड लावून जहाजाचे वायफाय घ्यायचे की नाही, ते दर पाहून ठरवावे.

हे सगळे टाळायला पुष्कळ जण तिथले सिम किंवा प्रवासी ई-सिम घेतात, आणि लांबच्या मुक्कामाला ते शहाणपणाचेच आहे. फक्त ई-सिमची कंपनी अनेकदा तिसऱ्याच देशातली असते. पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाचा डेटा सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाऊ शकतो आणि बँकेची यंत्रणा परका पत्ता पाहून व्यवहार अडवू शकते. पण खरा धोका वेगळा आहे. नवे सिम घातले की जुने भारतीय सिम काढून पाकिटात ठेवले जाते आणि तिथेच विसरले जाते.

आज आपला मोबाइल नंबर हा नुसता नंबर राहिलेला नाही. बँक, आधार, आयकर, म्युच्युअल फंड, गॅस, सगळे त्याला बांधलेले आहे. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील अनेकदा सहा महिने राहतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखण्याची तरतूद आहे. पण हे माहीत किती जणांना असते? बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. त्यानंतर आपल्या खात्याचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतो. सहा महिन्यांच्या ९० दिवसांनी दोन फेऱ्या होतात, एवढा साधा हिशेब आहे.

त्यामुळे भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावे, दीर्घ मुदतीचे रिचार्ज करून निघावे आणि डेटासाठी दुसरे सिम किंवा ई-सिम जोडीला घ्यावे. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा आणि डेटा रोमिंग या वेगळ्या आहेत. पहिली कंपनीकडून चालू करून घ्यावी लागते. तिच्याशिवाय फोन परक्या टॉवरला जोडलाच जात नाही आणि ओटीपीही येत नाही. दुसरी आपल्या फोनमधली एक कळ आहे. पहिली चालू आणि दुसरी बंद, अशी जोडी जमली की ओटीपी येतो आणि डेटाचे बिल येत नाही. येणाऱ्या एसएमएसला बऱ्याच कंपन्या पैसे लावत नाहीत, तरी आपल्या कंपनीचा नियम विचारावा. आणि परदेशात असताना यूपीआय किंवा बँकेचे अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नये. नव्याने नोंदणी करताना ते भारतीय सिमवरून एक एसएमएस पाठवू पाहते आणि तिथे गाडी अडते.

ज्येष्ठ प्रवाशांच्या बाबतीत हा विषय पैशांपुरता राहत नाही. सुरुवातीला म्हटले की, टॉवरला जोडला जाताच फोनचे घड्याळ बदलते. डेटा बंद असला तरी बदलते. आता रोज सकाळी ८ ला रक्तदाबाच्या गोळीची आठवण फोनमध्ये लावलेली आहे असे समजा. सोमवारी सकाळी ८ ला मुंबईत गोळी घेतली आणि विमानात बसलात. मंगळवारी फोन वाजेल तो न्यूयॉर्कच्या सकाळी ८ ला. उन्हाळ्यात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. दोन गोळ्यांमध्ये २४ ऐवजी साडेतेहतीस तास गेले, आणि फोनने तर वेळेवर आठवण केली! इन्सुलिन, अपस्माराची औषधे किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. कागदाचे घड्याळ आपोआप बदलत नाही.

दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांची संख्या वाढते आहे. फ्लाइट मोड लावला की तो बंद पडेल, अशी भीती त्यांना असते. हा सेन्सर फोनशी ब्लूटूथने बोलतो. त्याला टॉवर लागत नाही. फ्लाइट मोडमध्ये ब्लूटूथ चालू ठेवले की साखर घसरल्याचा इशारा वाजतो. बंद पडते ते दुसरेच: पुण्यातल्या मुलीला आईची साखर आपल्या फोनवर दिसणे. त्यासाठी इंटरनेट हवे, पण ते अगदी थोडे पुरते. काही पेसमेकरबरोबर उशाशी ठेवायचे एक यंत्र मिळते आणि ते मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवते. ते परदेशात चालेल की नाही, हे निघण्याआधी रुग्णालयात विचारावे.

राहता राहिला तातडीचा फोन. युरोपात ११२ आणि अमेरिकेत ९११ हे क्रमांक रोमिंगचे पॅक संपले तरी लागतात, अशीच व्यवस्था आहे. पण सिम काढलेल्या फोनवरून तो लागेलच असे नाही. खोडसाळ फोनांना कंटाळून जर्मनीने २००९ पासून सिमशिवाय तातडीचे फोन बंद केले आहेत. अमेरिकेत अडचण जुन्या हँडसेटची आहे. तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एका वर्षात आपली थ्रीजी सेवा गुंडाळली. आता आवाजाचा फोनही फोरजीवरूनच जातो. मुलाने नवा फोन घेतल्यावर बाबांकडे आलेल्या जुन्या फोनमध्ये ही सोय नसेल, किंवा तिथल्या जाळ्याशी जुळणारी नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅप उत्तम चालते, फोटो जातात, रेघा पूर्ण दिसतात. फक्त साधा फोन लागत नाही आणि ९११ ही लागत नाही. हे कळण्याची वेळ छातीत दुखू लागल्यावरची नसावी. पोहोचल्या दिवशी मुलाच्या नंबरवर साधा फोन लावून पाहावा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्हे. नाही लागला तर तिथला एखादा स्वस्त हँडसेट घ्यावा आणि घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या शेजारी ठेवावा.